फुकट आहे ना, मग जाऊ कधीतरी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आत्ता घरी आले. कंबरेचा पार भुगा झालाय, कारण कार्यक्रम म्हटला की ४० खुर्च्या शेजारच्या मंडळाच्या खोलीतून आणायच्या, मांडायच्या आणि परत नेऊन ठेवायच्या. आणताना पाच-सहा जण उत्साहात असतात, परत नेताना मी आणि आमचे शिपाईमामा. झोप येत नाहीये म्हणून लिहून टाकते.

आज वाचनालयात लेखिका आल्या होत्या. लालबागच्या चाळीतलं बालपण, गिरणीतले वडील, संप वगैरेवर पुस्तक आहे त्यांचं. श्रोते किती, तर १७. त्यातले ६ कार्यकारिणीचे, २ त्यांच्या बायका (आल्या नसत्या तर घरी भांडण), १ लेखिकाबाईंचे मिस्टर. आणि एक आजोबा, जे खरं म्हणजे कार्यक्रमाला आलेच नव्हते, रोजच्यासारखे पेपर वाचायला आले होते. पण आमचा हॉल आणि वाचनकक्ष एकच, आम्ही त्यांचं टेबल भिंतीला लावलं तर ते तिथेच कोपऱ्यात पेपर उघडून बसून राहिले.

लोकलचा मेगाब्लॉक होता हे मान्य. लेखिकाबाई बदलापूरहून येणार म्हणून दुपारपासून माझा जीव टांगणीला, भांडुपला उतरल्यावर त्यांचा फोन आला तेव्हा कुठे चहा सांगितला. पण जे श्रोते पाच मिनिटांवर राहतात त्यांना कसला मेगाब्लॉक? सकाळी आमच्या मजल्यावरच्या काकूंना परत एकदा आठवण केली तर म्हणाल्या, "अगं फुकटच असतं ना ते, मग जाऊ कधीतरी." ह्याच काकू मागच्या महिन्यात अंगात ताप असताना मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात नाटकाला गेल्या होत्या, का तर तिकीट काढलं होतं, पैसे वाया जातील. म्हणजे तिकीट काढलं की ताप असला तरी जायचं आणि फुकट असलं की बरं असलं तरी नाही. मला राग आला नाही, हसूच आलं, कारण मीसुद्धा पूर्वी हेच केलंय.

म्हणजे कॉलेजला असताना मी फुकटातलीच होते. फेब्रुवारीत काळाघोडा फेस्टिव्हल लागला की डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत लेखकांच्या गप्पा असतात, तिकीट नाही, झाडाखाली खुर्च्या, बाहेर एवढा ट्रॅफिक आणि आत आल्यावर एकदम वेगळंच. ती इमारत १८७० ची आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, तिथे बसलं तर कुणी उठवत नाही एवढंच माहीत होतं. टाउन हॉलला एशियाटिक सोसायटीच्या दरबार हॉलमध्ये एक-दोन व्याख्यानं ऐकली, निम्मी डोक्यावरून गेली. पण दादरला, नायगावातल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९८ ची संस्था!) जायचं मात्र कायम "पुढच्या वेळी" राहायचं, रोज दादरला गाडी बदलत असून. जवळ आहे, फुकट आहे, कुठे पळून जातंय.

परवा कार्यकारिणीच्या मीटिंगला आमच्या अध्यक्षकाकांनी ठेवणीतलं वाक्य काढलंच, की रानड्यांनी १८७५ ला पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून मराठी माणसाला ऐकायची सवय आहे. सवय आहे हो काका, पण फुकट ऐकायची सवय आहे. आणि फुकट म्हणजे आपल्यासाठी फुकट, कुणीतरी भरतंच की. वाचनालयाला अनुदान येतं ते १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी ठरलेल्या अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे, आम्ही 'क' मधले, त्यात पगार आणि पुस्तकंच कशीबशी बसतात. कार्यक्रमाचा खर्च म्हणजे वर्गणी, एखादा देणगीदार आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांचा चांगुलपणा. आज पाकिटात ५०० रुपये होते. बदलापूरहून येऊन, दोन तास बोलून. वर शाल. बाईंनी शाल हसत घेतली आणि नंतर चहा घेताना मला हळूच म्हणाल्या, घरी शालींचं एक कपाट झालंय, त्यापेक्षा पुस्तकाच्या दोन प्रती वाचनालयाने विकत घेतल्या असत्या तर बरं झालं असतं. मी नुसती मान हलवली, काय बोलणार. प्रत त्यांनीच भेट दिली आहे आम्हाला.

सिनेमाचंही तसंच. मे महिन्यात मुलांसाठी 'श्यामची आई' दाखवला, त्याआधी आठवडाभर वाद. एक काका म्हणाले, नवीन काहीतरी लावा, यूट्यूबवर सगळं असतं. आता यूट्यूबवर आहे म्हणजे चार लोकांना गोळा करून पडद्यावर दाखवायची परवानगी आहे असं होत नाही, हे समजावता समजावता माझी दमछाक झाली. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. अत्र्यांचा हा सिनेमा १९५३ चा, म्हणजे २०१३ संपलं तसा तो मोकळा झाला. नव्यासाठी हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांना विचारायचं, पैसे भरायचे, कागद घ्यायचा. फुकटच्या शोला जुने सिनेमे का असतात ह्याचं अर्धं उत्तर हेच आहे, लोकांना वाटतं आमची आवड जुनाट.

प्रोजेक्टर भाड्याचा, पडदा म्हणजे शिपाईमामांच्या घरचं डबल बेडचं पांढरं बेडशीट, वरून बांबूला आणि खालून सेफ्टी पिनांनी ताणलेलं, पंखा लावला की आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंचा चेहरा लाटेसारखा हलायचा. पंखा बंद केला तर मे महिना. मग मध्यम मार्ग काढला, एका बाजूचाच पंखा लावायचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला सिनेमा आहे असं मी सुरुवातीला सांगितलं, पोरांना त्याचं काही नव्हतं. १०-१२ पोरं, अर्धा तास चुळबुळ. मग श्याम पाण्यात उडी मारायला घाबरतो आणि लपून बसतो तिथे सगळी एकदम गप्प, आणि आई शिमटीने मारत नेते तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "माझी आई पण असंच करते, क्लासला पाठवताना." सगळा हॉल हसला, मागे बसलेल्या त्याच्या आईसकट. मल्टिप्लेक्सला ३०० रुपये देऊन कुणी असं बोललं असतं तर चार जणांनी श्श केलं असतं.

हां, तर आज. बाई छान बोलत होत्या, अजिबात भाषण नाही, गप्पाच. वडिलांचा डबा घेऊन गिरणीच्या गेटवर जायच्या, ते सांगताना म्हणाल्या की साचेखात्यातून बाबा बाहेर यायचे तेव्हा डोक्यावर, भुवयांवर कापूस बसलेला असायचा, म्हातारे दिसायचे. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज, "साचेखातं नाय ताई. साच्यावर कापड विणतात. भुवया पांढऱ्या व्हायच्या एवढा कापूस असायचा तो त्रासनात. सूत काततात तिथं." पेपरवाले आजोबा. पेपर खाली, चष्मा कपाळावर. मी मनात म्हटलं झालं, आता प्रश्नोत्तरांच्या आधीच भाषण सुरू होणार (आमच्याकडे प्रश्न विचारणारे प्रश्न विचारत नाहीत, आत्मचरित्र सांगतात). पण ते तेवढं बोलून थांबले. बाईंनीच विचारलं, तुम्ही होतात का? तर म्हणाले, त्रासनात ११ वर्षं, १८ जानेवारी ८२ पर्यंत. त्यापुढे काही नाही. तारीख ऐकूनच समजणाऱ्यांना समजलं, गिरण्यांचा संप त्या दिवशी सुरू झाला.

बाईंनी टेबलावरची स्वतःची प्रत उघडली, पान शोधलं, तिथल्या तिथे पेनने 'साचेखातं' खोडून वर 'त्रासन' लिहिलं आणि म्हणाल्या, मग माझे बाबा त्रासनात असणार, आईने मला खातं चुकीचं सांगितलं की मीच चुकीचं ऐकलं कोण जाणे, विचारायला आता दोघंही नाहीत. मग पुढचा पाऊण तास त्या दोघांचंच चाललं होतं, पाळ्या, खानावळी, भोंगा, आणि आम्ही १६ जण नुसते ऐकत होतो. अध्यक्षकाकांनी घड्याळ दाखवलं तरी मी बघितलं नाही. आभार प्रदर्शन मात्र झालंच, ११ मिनिटं, मी मोजली.

आजोबा चहाला थांबले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, टेबल परत जागेवर लावा, उद्या सकाळी पेपर वाचायला येणार. लावलं.

थर्मास अर्धा भरलेला राहिला. ३० कप सांगितला होता. शिपाईमामा आणि मी खुर्च्या पोचवून पायरीवर बसून दोन-दोन कप प्यायलो, बिस्किटांचे दोन पुडे त्यांच्या नातवाला दिले.

आत्ता मोबाइलवर पुढच्या महिन्याचं पोस्टर करून ग्रुपवर टाकलं. दरवेळी सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं ते 'प्रवेश विनामूल्य' ह्यावेळी काढून टाकलं आणि खाली लिहिलं, 'आसनसंख्या मर्यादित. नाव आधी नोंदवा.' अध्यक्षकाकांचा लगेच मेसेज, एवढ्या रात्री जागेच आहेत, "मर्यादित कुठे? अर्धा हॉल रिकामा असतो."

मी म्हटलं, काका, खोटं काय आहे त्यात, खुर्च्या ४०च आहेत.