एकच सरडा दोन पद्धतींनी शिवला, माझा अनुभव

डोंबिवलीत आमच्या भागातल्या वाचनालयात मी लहान मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ करते, त्यामुळे बाहुली शिवणं मला नवीन नाही, पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात होती. एकच पात्र दोनदा बनवायचं, एकदा १९५५ च्या पद्धतीने आणि एकदा आत्ताच्या.

१९५५ अशासाठी की त्या साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका टीव्ही स्टेशनवर जिम हेन्सन या बाहुलीकाराने आपली कर्मिट नावाची बाहुली पहिल्यांदा आणली. आज कर्मिट म्हणजे बेडूक हे सगळ्यांना माहितीय, पण पहिला कर्मिट बेडूक नव्हताच, सरड्यासारखं काहीतरी होतं, गळ्यात ती टोकाटोकांची कॉलर नाही, बेडकाचे चपटे पायपण नाहीत. हेन्सनने त्याच्या आईचा जुना हिरवट कोट कापला, पिंगपाँगचा बॉल अर्धा करून डोळे लावले, झालं. ती मूळ बाहुली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, २०१० मध्ये हेन्सन यांच्या पत्नीने दिली.

म्हणून मीही सरडाच घेतला. मामांचा जुना लोकरी कोट मिळाला, तो उसवून कापला. तोंडाला आतून पुठ्ठा, बाकी डोक्यात काही भरायचं नाही, हात थेट कापडाखाली. आणि इथेच मला पहिल्यांदा नीट कळलं की हेन्सनने केवढं काम केलंय! त्याआधीच्या बऱ्याच बोलक्या बाहुल्यांचं डोकं लाकडाचं नाहीतर कडक असायचं, जबडा वरखाली झाला की संपलं. टीव्हीवर चेहरा जवळून दिसतो, तिथे ते मेल्यासारखं वाटतं. कापडात हात असला की नुसती मूठ आवळली तरी सरडा वैतागतो, अंगठा जरा आत घेतला की गप्प होतो. मी आरशासमोर नुसतं हेच करत बसले होते.

डोळ्यांचं मात्र जमलं तरी तसंच झालं नाही, कारण बॉलच बदललाय. तेव्हाचा बॉल साधारण ३८ मिमीचा आणि सेल्युलॉइडचा, २००० नंतर तो ४० चा झाला आणि २०१४ पासून प्लास्टिकचा. म्हणजे अगदी त्याच रीतीने करायचं म्हटलं तरी सरड्याचे डोळे थोडे मोठे येणारच.

दुसरा सरडा फोमचा. गादीवाल्याकडून अर्धा इंच जाडीची शीट आणली, कागदावर पॅटर्न काढून कापली, मध्ये त्रिकोणी कापे घेतले की सपाट शीटला गोलाई येते. चिकटवायला चपलेवाले वापरतात ते सोल्युशन, दोन्ही कडांना लावायचं, वाळू द्यायचं आणि मग एकदाच दाबायचं, नंतर हलवता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, वास फार असतो.

वरून कापड कुठलं हा खरा प्रश्न. तिकडे ॲन्ट्रॉन फ्लीस नावाचं नायलॉनचं कापड वापरतात, पांढरं घेऊन हव्या त्या रंगात रंगवतात. ते मला इथे मिळालं नाही, मंगलदास मार्केटमधून पोलर फ्लीस घेतलं, ते पॉलिएस्टर, त्यामुळे नायलॉनचा रंग त्याला चढत नाही, दुकानात जो हिरवा असेल तोच घ्यायचा. शिवण मात्र तीच, ज्याला हेन्सन स्टिच म्हणतात ती. समोरासमोरच्या दोन कडांमधून शिडीसारखे टाके घेत जायचं, दोरा ओढला की कडा आत वळतात आणि मग सुईने वरची लव उचकटली की शिवण दिसतच नाही. हात दुखतात पण ह्याला पर्याय नाही, मशीनची शिवण लाइटमध्ये लगेच कळते. मानेचा जोड मात्र काही केल्या लपेना, शेवटी कॉलर लावली, आणि कर्मिटच्या कॉलरकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते.

आत्ताच्या सरड्याला पायही बदलले आणि रंगही गडद केला, तर वाचनालयातल्या एका ताईंनी विचारलं की पात्र एकच आहे ना मग रूप का बदलायचं. मला वाटतं बदललंच पाहिजे. सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातली हेन्सनचीच बाहुली ऑस्कर १९६९ च्या पहिल्या सीझनला केशरी होती, पुढच्या सीझनपासून हिरवी, आणि आज केशरी ऑस्कर दाखवला तर लोक ओळखणार नाहीत. हेन्सनच्या दुसऱ्या एका बाहुलीचं, डुकरीण मिस पिगीचं पहिलं डोकं १९७४ मध्ये बॉनी एरिक्सनने फोम कोरून केलं, डोळे बारीक बारीक होते, नायिका झाल्यावर ते मोठे झाले. पात्राचं काम वाढलं की चेहऱ्याला ते पेलावं लागतं.

बुबुळांना सगळ्यात जास्त वेळ दिला. डॉन सॅलिन, ज्याने हेन्सनसाठी कितीतरी मपेट (हेन्सनच्या बाहुल्यांना हेच म्हणतात) बनवले, तो डोळे आणि नाकाच्या त्रिकोणावर फार भर द्यायचा. बुबुळं किंचित आतल्या बाजूला घेतली की बाहुली समोरच्याकडे बघते, बरोबर मध्यावर चिकटवली की कुठेच बघत नाही. आधी नुसत्या काळ्या कागदाच्या टिकल्या लावून सरकवून बघा, फोनच्या कॅमेऱ्यात बघा, मगच चिकटवा.

आता मागच्या रांगेतल्या मुलांना लांबून दिसायला हवं म्हणून खेळात फोमचाच सरडा असतो, रंग उठून दिसतो, आकार टिकतो. पण व्हिडिओ करायचा असला की मी कोटवालाच काढते, जवळून त्याच्याइतका बोलका चेहरा फोमच्याला येत नाही. पुढचा फोम पातळ, पाव इंची घेऊन बघणारे.