झोळीची दोरी

रविवार, रात्री साडेनऊ

बाळ आत्ता कुठं झोपलं. १८० दिवसांची रजा ऑगस्टमध्ये संपली आणि मी शाळेवर रुजू झाले, ती कुणी ना कुणी सांभाळायला मिळेलच या भरवशावर. लातूरकडचं गाव, दोनशेएक उंबरे, घरटी एक तरी म्हातारी. महिनाभर सगळं नीट चाललं. घरमालकांच्या आई बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या, मधल्या सुट्टीत मी पाजायला यायचे.

गेल्या सोमवारी आज्जी म्हणाल्या, "बाई, आता पंधरा दिस मला काय बी सांगू नका. सोयाबीन काढायला आलंय."

वय सत्तरीच्या घरात. पण शेंगा वाळून तडकायला लागल्या की थांबता येत नाही, त्यात परतीच्या पावसाची धास्ती. बायकांच्या टोळ्या एकरावर उक्तं घेतात आणि विळा धरता येईल ती प्रत्येक बाई रानात जाते. मी तीन दिवस दारोदार फिरले. सगळ्या दारांना बाहेरून कडी. अंगणवाडीच्या ताईंना फार वाईट वाटलं, पण त्यांच्याकडे बसायला येतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांचा आहार घरी नेता येतो; लेकरू तिथं ठेवता येत नाही.

मग गावातली माझ्या बाळाएवढी लेकरं आहेत तरी कुठं? हजेरीपट उघडला. चौथीतल्या सहा मुली आठवडाभर गैरहजर.

गुरुवारी शाळा सुटल्यावर रानात गेले. बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी आणि दोरी धरून बसलेली माझी विद्यार्थिनी. एका हातानं झोका, दुसऱ्या हातानं भावाच्या तोंडावरच्या माशा हाकलणं. मला बघून ती उभी राहिली, पण दोरी सोडली नाही. "बाई, थांबलं की उठतंय ते."

तिची आई घाम पुसत आली. माझी अडचण तिला ठाऊक होती. "हिलाच ठेवा की. दोन्ही लेकरं सांभाळंल. लय गुणाची हाय."

मला बोलता आलं नाही. दोन आठवड्यांपूर्वी याच मुलीनं फळ्यावर भागाकार सोडवून सगळ्या वर्गाला समजावून सांगितला होता.

२००५च्या रोजगार हमी कायद्यात होतं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली, तर एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला मजुरी द्यायची. काढणीच्या टोळीला तसं का जमू नये? आज संध्याकाळी टोळीच्या मुकादमबाईंना हेच विचारलं. समाजमंदिर दिवसभर रिकामंच असतं. तिथं एकीनं बसावं, बाकीच्यांनी तिचा हिस्सा काढावा, माझ्या बाळाचे मी देईन.

त्यांनी बोटांवर लेकरं मोजली. अकरा. "बसायचं कुणी? काढणीत बसून ऱ्हायलेलीला लोक नावं ठेवतेत." मग थोडं थांबून, "तुमच्या आज्जीची कंबर धरलीया म्हणं. इचारते सकाळी."

झोळ्यांसाठी दोन सुती साड्या काढून ठेवल्यात.