फोर्ट ते राणीची बाग: सायकलवरून पुतळ्यांचे फोटो

फोनवरचा नकाशा क्रॉफर्ड मार्केटपासून भायखळ्याला जायला थेट जे. जे. उड्डाणपुलावर चढवतो. त्याचं ऐकू नका. त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे, सायकलचा तर प्रश्नच नाही. पुलाच्या तोंडाशी हवालदाराने शिटी मारून मला खालच्या रस्त्याला लावलं. त्या खालच्या रस्त्याबद्दल कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितोय.

डोक्यात होता काळा घोडा, मुंबईच्या फोर्ट भागातल्या त्याच नावाच्या चौकातला पुतळा. चौकात आज दिसतो तो घोडा 2017 चा, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, पाठीवर स्वार नसलेला. मूळ पुतळ्यात घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स होता, पुढे सातवा एडवर्ड झाला तो. त्याच्या 1875-76 च्या भारतभेटीची आठवण म्हणून व्यापारी आल्बर्ट ससून यांनी बोएम या शिल्पकाराकडून तो करवून घेतला. 1965 मध्ये पुतळा चौकातून हलवला आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात, गेला. उलट फ्लोरा फाउंटन मुळात याच बागेसाठी ठरलेलं कारंजं, पण ते उभं राहिलं फोर्टात. ही अदलाबदल एका फेरीत कॅमेऱ्यात धरायची, एवढाच बेत होता.

फोर्टचा भाग सोपा आहे. उजाडताना गेटवेला पोचा. तिथला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा 1961 चा. ट्रायपॉड घेऊ नका. पाय उघडायच्या आत कुणीतरी हटकतंच. काळा घोडा चौकात नव्या घोड्याला ढगाळ उजेड चांगला. मागे उघडं आकाश आलं की घोड्याची नुसती काळी आकृती उरते, म्हणून मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड मोजणं, घोड्यावर घ्या. फ्लोरा फाउंटनला याच्या उलट. शिल्पकार जेम्स फोर्साइथचं ते काम पोर्टलंड दगडात आहे, 2019 मध्ये दुरुस्त होऊन उजळलंय, आणि ऊन चढलं की पांढरेपणात सगळं कोरीवकाम बुडतं. शेजारच्या हुतात्मा स्मारकातले मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार सोडून पुढे जाऊ नका. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनावरचा 21 नोव्हेंबर 1955 चा गोळीबार इथलाच. कारंज्याच्या फोटोत हे पुतळे मागे धूसर येतात आणि बहुतेक जण तेवढ्यावर समाधान मानतात, याचा मला राग येतो. सीएसएमटीच्या घुमटावरच्या 'प्रगती'च्या पुतळ्यासाठी लांब लेन्स हवी. फाटकावरचे सिंह आणि वाघ साध्या लेन्सनेही येतात. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पं शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्यावरची आहेत. मान वर करून दोन मिनिटं पाहा.

आणि मग मोहम्मद अली रोड, तोच पुलाखालचा रस्ता.

पुलाच्या खांबांनी रस्त्याचा मधला भाग खाल्लाय. डावीकडे टेम्पो दुहेरी रांगेत उभे, त्यांतून माल उतरतोय, हातगाड्या आडव्या येतात, उलट्या दिशेने बाइकवाले. उजवीकडे सरकावं तर मागून बेस्टची बस. थांबलेल्या टॅक्सीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही, म्हणून डावीकडे चिकटून चालवण्यात काही अर्थ नाही. एका लेनच्या मधोमध, ठाम, स्वतःच्या वेगाने चालवा. हॉर्न वाजतील, वाजू द्या. रस्ताभर पुलाची सावली, त्यात मधेच उन्हाचे पट्टे, त्यामुळे खड्डे दिसत नाहीत. सर्वांत वाईट जागा जे. जे. रुग्णालयाजवळ, जिथे पूल उतरतो. वरून सुसाट आलेल्या गाड्या तुमच्या उजव्या खांद्याशी येऊन मिळतात आणि कुणीही वेग कमी करत नाही. तिथे मी उतरून सायकल हातात धरून चाललो. तुम्हीही चाला. गर्दीत चालवायची चांगली सवय असणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला.

सकाळी साडेसातच्या आत हा रस्ता जमतो, दहानंतर अजिबात नाही. पण बागेचं तिकीट साडेनऊच्या सुमारास मिळतं. म्हणजे लवकर येऊन भायखळ्यात ताटकळायचं. तो वेळ खडा पारशीला द्या. शेठ कर्सेटजी माणेकजींचा हा पुतळा ओतीव लोखंडाच्या उंच खांबावर उभा आहे, पायथ्याशी जलपऱ्या आहेत, आणि सगळं भायखळ्याच्या उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात सापडलंय. पूर्ण पुतळा स्वच्छ पार्श्वभूमीवर येतच नाही. लांब लेन्सने वरचा माणूस घ्या, मग जलपऱ्या वेगळ्या. इतकं देखणं शिल्प आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी धूर, हे पाहून जीव तुटतो.

आता पैशांचं. मी बागेजवळ एका जागी सायकल लावली, तर तिथल्या माणसाने 100 रुपये मागितले. पावती मागितल्यावर 50. पावती नाहीच. माझं तिकीटही 50 रुपयांचं होतं! सायकल आत नेता येत नाही, म्हणून जाड साखळी आणा, रस्त्यावर दिसेल अशा जागी बांधा आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. बुधवारी बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बंद असतात.

खरा काळा घोडा बागेच्या आत आहे, संग्रहालयाच्या आवारात नाही. आवारात शोधण्यात वेळ घालवू नका. रविवारी पेंग्विन पाहायला आलेल्या गर्दीत त्याच्यासमोर मोकळी जागा मिळणं कठीण, आठवड्यातला दिवसच धरा. झाडांच्या सावलीत काळं ब्राँझ मऊ दिसतं. शिरा, नाकपुड्या, लगामाचे पट्टे, सगळं येतं. चौकातल्या उन्हात हे कधीच आलं नसतं असं मला वाटतं. तिथे पोचल्यावर मोहम्मद अली रोडचा सगळा शीण उतरला आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. संग्रहालयाबाहेरचा घारापुरीचा दगडी हत्तीही बघाच. इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, आणि 1914 मध्ये तुकडे पुन्हा जोडले गेले.

परतताना पुन्हा त्या पुलाखालून जाऊ नका. भायखळा स्टेशनावरून पश्चिमेला निघा, नागपाडा, ग्रँट रोड, मग चर्नी रोडवरून मरीन ड्राइव्ह. अंतर वाढतं, सिग्नल जास्त लागतात, पण मागून बस अंगावर येत नाही. पाय दमले असतील तर भायखळ्याहूनच लोकलच्या लगेजच्या डब्याने जा, मात्र गर्दीची वेळ टाळून.