बाळ बरं आहे ना, एवढंच विचारून परत येऊ नका

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळं तपासायला पाठवलं. भेटी नसलेल्या गावांच्या तुलनेत तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी उतरला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. २०११ पासून देशभर आशाताई ज्या गृहभेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

गडचिरोलीतल्या त्या शिकवलेल्या बायका, म्हणजे आरोग्यदूत, बाळाला हात लावत, वजन करत, श्वास मोजत. दारातून “बाळ बरं आहे ना?” विचारलं तर पहिलटकरीण “हो” म्हणणारच. आजारी नवजात बाळ बहुतेकदा रडत नाही, नुसतं पडून राहतं. घरच्यांना ते गुणी वाटतं.

आशाताईंनो, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. यातली तिसऱ्या दिवसाची भेट सगळ्यात मोलाची, कारण महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. बाळंतीण अजून दवाखान्यात असेल तर ती घरी येईल त्याच दिवशी जावं.

हात साबणाने धुऊन आधी श्वास मोजा. बाळ शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. नवजात बाळाचा श्वास मधेच काही सेकंद थांबतो, मग भराभर चालतो, त्यामुळे आकडा चुकतो. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छाती खालून आत ओढली जात असेल, तर दवाखाना.

मग काखेत थर्मामीटर. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस ठीक. पोट गरम आणि तळवे गार लागले तर बाळाला थंडी बाधते आहे. पत्र्याच्या घरात पहाटे हे सर्रास होतं. त्यावर शेगडी पेटवून दार लावून घेणं घातक आहे, धूर कोंडतो. लंगोट, टोपी, मोजे एवढंच ठेवून बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं धरा, वरून पांघरूण. आई थकली असेल तर आजी किंवा बापही धरू शकतो.

वजनकाटा आधी रिकाम्या झोळीसह शून्यावर आणा. पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतं, पण दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर दूध पुरत नाही असं समजा. म्हणून पाजताना स्वतः पाहा: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणं हवं. सहा महिने घुटी, मध, पाणी काही नाही. ही गोष्ट आईला सांगून भागत नाही, सासूबाईंना समोर बसवूनच सांगावी.

कावीळ बल्बच्या उजेडात कळत नाही, बाळाला दाराशी आणा. तळहात-तळपाय पिवळे, अंगाला झटके, दूध तोडलेलं, नाळेतून पू: यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे, १०२ किंवा १०८ ला फोन करा.

सगळ्यात जास्त भेटी चुकतात त्या माहेर-सासरच्या मधे. नोंदणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी, आणि दोन्हीकडच्या आशाताईंना वाटतं दुसरी जाते आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचं तर कुणाच्याच वहीत नाव नसतं. आठव्या महिन्यातच “बाळंतपण कुठे?” हे विचारून तिथल्या आशाताईंचा नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्या, आणि आपण स्वतः त्यांना फोन करा.