येरेवानमधला नसलेला किल्ला

आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये किल्ला कुठे आहे असं विचारलं, की लोक दारूच्या कारखान्याकडे बोट दाखवतात. ह्राझदान नदीच्या दरीच्या काठावर उस्मानी सेनापती फरहाद पाशानं १५८३ मध्ये किल्ला बांधला, तिथे आज वाइन आणि ब्रँडी मुरते. उरलासुरला तट सोव्हिएत काळात पाडला. मी सह्याद्रीत गड चढत वाढलेलो. चढायला एक बुरूजही नाही, याचा मला मनापासून राग आला.

राग जास्त यायला कारण इस्तंबूल. तिथल्या तोपकापी राजवाड्यात सुंदर फरशांनी मढवलेला रेवान मंडप आहे. रेवान म्हणजे हेच येरेवान. सुलतान चौथ्या मुरादनं १६३५ मध्ये स्वतः येऊन किल्ला जिंकला, म्हणून तो मंडप बांधला. पुढच्याच वर्षी इराणच्या सफावींनी किल्ला परत घेतला आणि १६३९ च्या तहानंतर तो त्यांच्याकडेच राहिला. वर्षभरही न टिकलेल्या विजयाचा मंडप मात्र अजून उभा आहे.

गार्नीचं प्राचीन देऊळ, सेवान सरोवर, सगळं पाहिलं. छान आहे. पण जीव अडकला तो खोर विरापच्या मठापाशी. गर्दी नको तेवढी, त्यात कबुतरं उडवायला विकणारे मागे लागतात. तरी टेकडीवर चढाच. समोर अरारात पर्वत, आणि त्याच्या अलीकडे अरास नदीचा हिरवा पट्टा, म्हणजे आजची तुर्कस्तानची बंद सीमा.

१६०४ मध्ये इराणचा बादशहा शाह अब्बासनं कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर येरेवान घेतलं. उस्मानी फौज उलटून येतेय म्हटल्यावर त्यानं हा सगळा मुलूख ओसाड केला. शत्रूला दाणा-वैरण मिळू नये म्हणून गावं जाळली आणि आर्मेनियन रयतेला इराणकडे हाकललं. अरास ओलांडताना कितीतरी माणसं बुडाली. लढाई दोन बादशहांची, आणि घरदार गेलं ते या शेतकऱ्यांचं. त्या टेकडीवर मला किल्ल्याची आठवणही राहिली नाही.

याच नदीकाठच्या जुल्फा गावचे व्यापारी शाहनं इस्फहानजवळ वसवले. त्यांचा व्यापार पुढे थेट सुरतेपर्यंत पोचला. महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हाही तिथे आर्मेनियन व्यापारी होते. सुरतेत त्यांची जुनी दफनभूमी आहे. मुंबईहून सकाळची गाडी पकडली तर संध्याकाळी परत येता येतं, आणि मी अजून गेलेलो नाही. दिवाळीनंतर जाणार आहे.