डॅम्पर बदलून काय होणार?

पुढचं चाक खड्ड्यातून गेलं आणि स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. वेग पार उतरवला तेव्हाच थांबलं.

"डॅम्पर बदला, जाईल," असं बरेच जण सांगतात. डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मला नाही पटत. डॅम्पर थरथर दाबतो, ढिलाई तिथेच राहते.

गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू. मित्र स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत होता, मी खाली वाकून ट्रॅक बार, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा आडवा दांडा, बघत होतो. अ‍ॅक्सलकडच्या टोकाला बोल्ट भोकातच सरकत होता! बुश (जोडातलं रबर) फाटलेलं, ब्रॅकेटचं भोक लांबट झालेलं. अशा भोकात बोल्ट कितीही आवळा, पुन्हा सैल होणारच. ब्रॅकेटचंच काम करावं लागेल.

दोन्ही चाकांना जोडणाऱ्या अखंड अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणं हे याच बारचं काम. डॅम्पर बदलून देणारे आधी खाली वाकून का बघत नाहीत?