रक्तगटाच्या टोकावरची साखर

गेल्या रविवारी धरमपेठेतल्या रक्तदान शिबिरात माझ्या पुढे उभ्या असलेल्या काकांनी तंत्रज्ञ ताईंना विचारले, "मला शुगर आहे, चालेल ना?" त्यांची शुगर म्हणजे रक्तातले ग्लुकोज, पण काचपट्टीवरच्या त्यांच्या रक्ताच्या थेंबात रक्तगट तपासायचे निळे ॲन्टी-ए द्रावण मिसळताच ज्या बारीक लाल गुठळ्या धरल्या, त्याही साखरेच्याच करामतीने, हे सांगण्याचा मोह मी कसाबसा आवरला.

लाल पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. टोकाला एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसॅमिन असेल तर रक्तगट ए, गॅलॅक्टोज असेल तर बी, दोन्ही नसतील तर ओ. आणि एवढ्याशा फरकामुळे चुकीचे रक्त जिवावर बेतू शकते. ज्या एच साखळीवर हे सारे रचले जाते, तीच काही मोजक्या माणसांत तयार होत नाही. हा गट डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवला, म्हणून त्याचे नाव बॉम्बे. नेहमीच्या चाचणीत तो ओ भासतो, मात्र ओ गटाचे रक्तही त्याला चालत नाही.

रोगजंतूही या साखळ्या हेरतात. फ्लूचा विषाणू पेशीवरील सियालिक आम्ल या साखरेला चिकटून आत शिरतो आणि नवे विषाणू बाहेर पडताना न्यूरामिनिडेज विकराने तीच साखर छाटतात. ओसेल्टामिविर हे औषध नेमकी ही कात्री अडवते. कॉलरा ओ गटाच्या माणसांत अधिक तीव्र होतो, हेही जुने निरीक्षण आहे. माझ्या काचपट्टीवर मात्र ॲन्टी-ए आणि ॲन्टी-बी या दोन्ही द्रावणांतले थेंब स्वच्छ राहिले होते: ओ पॉझिटिव्ह.